स्केलबीला थांबलेली विनी

ब्रॅडफर्डच्या त्या चालणाऱ्यांच्या मंडळात एडना ॲक्रॉइडला सगळे 'शेपूट' म्हणायचे, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळच्या गाडीनं निघायचं, एखाद्या आडस्टेशनावर उतरायचं, दिवसभर माळ-टेकड्या तुडवत पुढचं स्टेशन गाठायचं आणि तिथून संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचं, हा मंडळाचा उद्योग. पुढे आर्नल्ड पिकल्स, त्याला वाटा पाठ. मधे बाकीचे, गप्पा हाणत. आणि सगळ्यात मागे एडना. कुणाची बुटाची नाडी सुटो, कुणाला झुडपाआड जायचं असो, एडना तिथं उभी राहणार आणि त्याला पुढे घालूनच पाऊल उचलणार. तिच्या मागे कुणी उरायचं नाही, एवढंच तिचं काम. सोपं वाटतं, पण करून बघा म्हणजे कळेल.

तिला या नादाला लावलं विनी होलरॉइडनं. दोघी लोकरीच्या गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होत्या. विनी वयानं पुष्कळ मोठी, तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. एडनाचा नवरा हर्बर्ट गेला तेव्हा एडना घराबाहेर पडेना. पडदेसुद्धा उघडीना. तेव्हा एका रविवारी भल्या सकाळी विनी दारात उभी, हातात आपल्या बहिणीचे जुने बूट.

"घाल," ती म्हणाली.

"विनी, मला नाही गं जमायचं. मला नुसतं रडू येतंय."

"मग चालता चालता रड. वर वारा इतका असतो, कुणाला ऐकू जायचं नाही."

एडना गेली, आणि खरोखरच रडली. कुणी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तिनं पहिल्यांदा स्वतःपुरतं अंडं तळलं आणि पाव भाजला. पुढे कधीही कुणी विचारलं, की ती बाई सांगायची, मी आज जिवंत आहे ती विनीमुळे. अतिशयोक्ती नव्हती ती.

तर अशी ही विनी. गिरणी बंद पडली, वय झालं, गुडघे गेले, तरी रविवार चुकवायची नाही. हळूहळू ती मागे पडायला लागली, म्हणजे एडनाच्या वाट्याला आली. दोघी आपल्या मागून यायच्या, बोलत बोलत. आता चालणाऱ्यांच्या जगात एक अन्याय असतो, आणि तो कुणी मुद्दाम करत नाही. पुढचे झपझप जातात, दगडी कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांपाशी थांबतात, थर्मासमधला चहा ओततात, पाठ टेकतात. मागचा माणूस धापा टाकत तिथं पोचला की सगळे कसे मायेनं म्हणतात, "आलीस का? सावकाश हं, घाई नाही!" आणि उठून चालू लागतात. त्यांची विश्रांती झालेली असते ना! ज्याला बसायची खरी गरज, त्याला बसायला कधी मिळतच नाही. विनीनं शेवटची दोन-तीन वर्षं अशी काढली. कुरकुर केली नाही. फक्त पायऱ्या चढताना एडनाचा दंड जरा जास्त घट्ट धरायची.

सप्टेंबरात मात्र गाडी चुकली. विनीला शेवटची चढण झेपेना, सगळे तिच्यासाठी थांबले आणि खाली फलाटावर पोचले तोवर गाडीचा मागचा दिवा लांब जाताना दिसला. रविवारची पुढची गाडी लवकर थोडीच असते! पावसात कुडकुडत बसले सगळे. कुणी तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. उलट जो तो विनीला म्हणत होता, "छे छे, तुझ्यामुळे कुठं? आम्हालाच जरा बसायचं होतं." असं इतकं गोड बोलायला लागले ना हे लोक, की समजावं, काहीतरी शिजतंय.

शिजलंच. पुढच्याच आठवड्यात आर्नल्डच्या बैठकीच्या खोलीत कार्यकारिणी बसली. चहा झाला. बिस्किटं झाली. विनी किती गुणाची, विनी किती जिद्दीची, असं पाळीपाळीनं सगळ्यांनी सांगून झालं. मग आर्नल्डनं घसा साफ केला.

"कुणीतरी तिच्या कानावर घालायला हवं."

"हो, हळुवारपणे," दुसरं कुणी म्हणालं.

"दुखवायचं नाही हं तिला."

"अजिबात नाही."

आणि मग सगळे एडनाकडे बघायला लागले. क्लेम म्हणून एक म्हातारा विदूषक होता मंडळात, जन्मभर पोस्टात टपाल वाटलेला, तोसुद्धा त्या दिवशी विनोद करायचा विसरला. एडनाला वाटलं, उठावं आणि म्हणावं, मी नाही सांगणार, ज्याला सांगायचं त्यानं सांगा. पण ती काय म्हणाली? म्हणाली, "बरं, बघते मी." घरी जाऊन तिला रात्रीचं जेवण गेलं नाही.

विनीच्या स्वयंपाकघरात ती दोनदा गेली आणि दोनदा हवापाण्यावर बोलून परत आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा विनी पार्किन करत होती. ओटचं पीठ, काकवी आणि आलं घालून करतात तो केक, त्यांच्याकडे थंडीच्या तोंडावर घरोघर होतो. सगळं घर आल्याच्या वासानं भरलेलं. विनीनं तिच्या हातात चमचा दिला, चाटायला, लहान पोरीला द्यावा तसा. अशा वेळी कसं सांगायचं माणसानं?

"विनी, तुझे गुडघे कसे आहेत गं?"

"आहेत त्यांच्या जागेवर."

"नाही, म्हणजे, आम्ही सगळे बोलत होतो... आता थंडी येतेय. चढणी निसरड्या होतात. तुला उगीच त्रास नको."

विनीचा हात थांबला. तिनं भांड्यावरून मान वर केली. तिच्या डोळ्यांत एडनाला जे दिसलं, ते तिला बघवेना. माणूस पडताना बघवत नाही तसं झालं तिला. आणि तिनं घाईघाईनं जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

"म्हणजे तू येऊ नकोस असं नाही गं! असं कोण म्हणेल? तू यायचंसच. गाडीनं यायचं आपल्याबरोबर, मजेत. फक्त चालायचं तेवढं आमच्यावर सोड."

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलणं होतं. तिकडची रीतच आहे ती. कुणाला नको म्हणायचं असलं की 'कधीही ये' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानंही समजून घ्यायचं. 'किती छान कल्पना' असं म्हणून त्यानं घरी बसायचं. एडनाची अपेक्षा तीच होती. पण ज्याला फार हवं असतं, तो माणूस शब्दाला शब्द धरून चालतो. विनीचा चेहरा उजळला.

"अगं, हे मला कसं सुचलं नाही? तुम्ही उतराल तिथं मी उतरायचंच नाही! तशीच पुढे जाईन. तुम्ही चालत जिथं पोचणार, त्या स्टेशनावर आधी जाऊन बसेन. चहा गरम ठेवीन. पार्किनचा डबा नेईन. तुम्ही डोंगर उतरताना मला दिसाल!"

"हो," एडना म्हणाली. "हो, तसंच."

"म्हणजे मी आहेच तुमच्यात."

"आहेसच की."

आर्नल्डला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं की. कुणी दुखावलं नाही." सगळ्यांनाच हायसं वाटलं. एडनाला तर इतकं हायसं वाटलं, की आपण सांगायला गेलो होतो ते सांगितलंच नाही, हे तिनं मनाआड केलं.

आणि ऑक्टोबरचा रविवार काय सुरेख गेला! सगळे थॉर्नगिलला उतरले, विनी खिडकीत बसून राहिली. गिरणीत मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू यायचा नाही, तेव्हा त्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. तशी विनी काचेमागून ओठांनी बोलली, क्लेमला ओल्या गवतावर बसू देऊ नकोस, मागच्या खेपेला महिनाभर खोकत होता. एडनानं ते क्लेमला सांगितलं, तो काचेला टोपी उडवून वाकला आणि विनी पोट धरून हसली. दुपारी पुढच्या स्टेशनाच्या, स्केलबीच्या, बाजूला डोंगर उतरताना खाली फलाटावर एक लाल ठिपका दिसत होता, विनीचा स्कार्फ. ती दोन्ही हात हलवत होती. गाडीत सगळ्यांनी पार्किन खाल्लं. क्लेम म्हणाला, "मंडळात एवढ्या वर्षांत एवढी शहाणी सुधारणा झाली नव्हती. पुढच्या वर्षी मीपण विनीबरोबर बसणार." विनी म्हणाली, "माझ्या शेजारी जागा नाही, डबा ठेवायचाय." घरी जाताना ती एडनाला म्हणाली, "मला खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही मला काढून टाकायला निघालात." एडनानं तिचा हात दाबला.

नोव्हेंबरात पुन्हा तीच वाट ठरली, कारण सगळ्यांना ती आवडली होती. थॉर्नगिलला उतरले तेव्हा आभाळ खाली आलेलं, पण पाऊस नव्हता. विनी पुढे गेली, लाल स्कार्फ, मांडीवर डबा.

माथ्यावर पोचून दुपारचे सँडविच सोडले आणि धुकं आलं. आलं म्हणजे काय, खाणाऱ्याला हातातला घास दिसेना. आर्नल्डनं थोडं चालवून पाहिलं. पुढच्या बाजूला दलदल, वाट अशी ती नाहीच, मेंढ्यांच्या पायवाटांचा नुसता गुंता. एक बाई घोट्यापर्यंत चिखलात गेली, तिचा बूट दोघांनी ओढून काढला. आर्नल्ड थांबला. तो शहाणा माणूस होता, बढाईखोर नव्हता.

"परत फिरायचं," तो म्हणाला. "आलो त्या वाटेनं खाली थॉर्नगिलला. कुंपणावरचा हात काढायचा नाही. एडना, प्रत्येक कुंपणापाशी मोजायचे."

एडना मोजत राहिली. प्रत्येक दगडी कुंपणापाशी ती पायऱ्यांवर उभी राहायची, एकेक जण तिच्या हाताखालून पलीकडे जायचा, आणि ती प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायची. धुक्यात तोंडं दिसत नव्हती, खांदेच हाताला लागत होते. एकदा एक कमी भरला. ती मागे फिरून हाका मारायला लागली तर क्लेम भिंतीआडून म्हणाला, "अगं बाई, म्हाताऱ्या माणसाला एवढंही एकांतात करू देत नाहीस का?" ती त्याला इतकी ओरडली, इतकी ओरडली, की तो खरोखरच वरमला. त्या वाटेवर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. फक्त यातला एकही हरवायचा नाही.

खाली रेल्वेचा पूल लागला तेव्हा अंधार पडत होता, आणि वरून, स्केलबीकडून, गाडीचा आवाज येत होता. सगळे धावले. चिखलानं भरलेले, धापा टाकणारे ते म्हातारे-म्हाताऱ्या फलाटावर धावले, आणि एडना पुलाच्या टोकाला उभी राहून शेवटचं मोजत होती. सगळे भरले. बरोबर भरले. एडना सर्वांच्या शेवटी डब्यात चढली आणि मोठ्यानं म्हणाली, "सगळे आले!" आणि डबाभर टाळ्या पडल्या. होय, टाळ्या पडल्या तिच्यासाठी.

डबा उबदार होता. काचांवर वाफ धरली. कुणी बूट काढून मोजे पिळत होतं, कुणी आर्नल्डची पाठ थोपटत होतं. मोठ्या भीतीतून सुटलेली माणसं जशी बोलतात तसे सगळे एकदम, मोठमोठ्यानं बोलत होते. एडना खिडकीशी बसली आणि तिनं डोळे मिटले. बरं वाटत होतं तिला. कामाचं माणूस आहोत आपण, असं वाटत होतं.

मग क्लेमनं हात चोळले. "चला, पार्किन काढा. कुठाय डबा?"

कुणीतरी बॅग चाचपली. कुणीतरी म्हणालं, "डबा तर..." आणि तिथंच थांबलं. बोलणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बंद होत गेलं. एडनानं डोळे उघडले. सगळे पायांकडे बघत होते.

आधी केकची आठवण झाली, मग बाईची. हे मी मुद्दाम सांगतो आहे. ही माणसं वाईट नव्हती. आजारपणात एकमेकांच्या घरी सूप पोचवणारी माणसं होती ती. पण झालं ते असं झालं.

"ती असेल याच गाडीत," आर्नल्ड म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ही गाडी स्केलबीवरूनच आली ना? चढली असेल. शहाणी बाई आहे. मागच्या डब्यात असेल."

गाडीला डबे दोनच. एडना धावत मागच्या डब्यात गेली. तिथं एक पोरगा झोपलेला आणि एक जोडपं कुत्रं घेऊन बसलेलं. टोकाला गार्ड उभा होता, तरुण, गोरागोमटा, तिकिटाचं यंत्र पोटावर टांगलेलं.

"स्केलबीला एक आजी होत्या का? लाल स्कार्फ?"

"होत्या की," तो म्हणाला. "मी म्हटलं, चला आजी, चढा, थंडी वाढतेय. पुढची गाडी उशिरानं आहे. तर नको म्हणाल्या."

"नको? का?"

"म्हणाल्या, माझी माणसं अजून डोंगरावर आहेत. ती आल्याशिवाय मी कशी जाऊ?"

गार्डनं विचारलं, बाई, ठीक आहात ना, तोवर ती पुढच्या डब्यात जाऊन सगळ्यांना सांगत होती, मी स्केलबीला परत जाते.

आर्नल्ड म्हणाला, मी येतो. तो म्हणाला, पुढच्या स्टेशनावरून पोलिसाला फोन करू. एडना म्हणाली, "करू नकोस. अंधारात पोलीस समोर आला तर तिला वाटेल आपल्यापैकीच कुणालातरी काही झालंय. मी जाते. एकटी जाते." पुढचं स्टेशन मॉसबेक, तिथं ती एकटी उतरली. गाडीतून सगळे तिच्याकडे बघत होते, पण खिडकी कुणी उघडली नाही.

वर जाणाऱ्या गाडीची वाट बघत ती त्या उजाड फलाटावर येरझाऱ्या घालत राहिली आणि स्वतःशीच बडबडत राहिली. स्केलबीला स्टेशनात माणूस नसतो. गाव चांगलं लांब, चढावर. गावातला पब रविवारी दुपारी बंद, संध्याकाळी उशिरा उघडतो. आणि उघडा असता तरी विनी फलाट सोडून गेली नसती, हे तिला माहीत होतं. आपली माणसं येतील आणि आपण दिसणार नाही, असं ती होऊ देणार नव्हती. एडनाला एकच गोष्ट छळत होती. धुक्यात परत फिरायचं ठरलं त्या क्षणी, एकदाही, एका क्षणापुरतीही, विनी तिच्या मनात आली नव्हती. जिनं हर्बर्टच्या मागे तिला घराबाहेर काढलं, ती बाई मनात आली नव्हती.

गाडी स्केलबीला थांबली तेव्हा धुकं फलाटापर्यंत उतरलं होतं. एकच दिवा. त्याच्याखाली बाक. गाडीचा आवाज ऐकून विनी उठून उभी राहिली होती, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. एडना उतरली. विनीनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उघड्या दाराकडे पाहिलं, दार बंद होईपर्यंत पाहत राहिली.

"कोण पडलं?" विनी म्हणाली. "एकटीच कशी आलीस? तेही गाडीनं? एडना, कोण पडलं ते सांग आधी. क्लेम का?"

"कुणी नाही पडलं गं."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"कुणीसुद्धा नाही. धुकं आलं, वर वाट मिळेना. आम्ही थॉर्नगिलला परत उतरलो. तिथून मघाची गाडी पकडली."

विनी तिच्याकडे बघत राहिली. थंडीनं तिचे ओठ निळे झाले होते. "मघाची गाडी? इथून गेली ती?"

"तीच."

"म्हणजे सगळे सुखरूप आहेत?"

"सगळे सुखरूप आहेत, विनी."

विनी मटकन बाकावर बसली आणि रडायला लागली. एडनानं तिला गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. "देवा रे," ती म्हणत होती, "देवा रे, मी किती हाका मारल्या. त्या टोकापर्यंत जायची आणि हाका मारायची. मला वाटलं दलदलीत गेले सगळे. मला वाटलं, आता एकेकाच्या घरी जाऊन मीच सांगायचं." एडनानं आपला कोट काढून तिच्या अंगावर घातला, तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले. ते हात लाकडासारखे गार होते. तिला वाटलं, बस, आता इथंच थांबावं. हिला सुटल्याचा आनंद झालाय, तेवढ्यावर राहू द्यावं. पण विनी जन्मभर विचारणारी बाई.

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "धुक्यात मोजलंस ना नीट सगळ्यांना?"

"मोजलं."

"प्रत्येक कुंपणापाशी?"

"प्रत्येक कुंपणापाशी. फलाटावरसुद्धा."

"आणि बरोबर भरले?"

एडनाला खोटं बोलता आलं असतं. एक कमी भरत होता म्हणून तर आले, असं म्हणता आलं असतं, आणि विनीनं ते ठेवून घेतलं असतं, जपून. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण याच तोंडानं स्वयंपाकघरात गोड बोलून हिला या बाकावर आणून बसवलं होतं. पुन्हा तेच करायचं तिच्यानं होईना.

"बरोबर भरले," ती म्हणाली.

विनीनं मान हलवली. सावकाश, दोनदा. हात काढून घेतले नाहीत तिनं. समोर धुक्यात बघत म्हणाली, "मला वाटायचं, मला धरून मोजतेस."

एडनाला हुंदका आवरला नाही. "विनी, मला शिव्या दे. मला काहीतरी बोल. मी तुला तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं. सगळ्यांनी मला तेच सांगायला धाडलं होतं, की तू येऊ नयेस म्हणून, आणि माझी छाती झाली नाही. गाडीनं ये म्हणाले ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाले गं. तू येशील असं मला वाटलं नव्हतं."

"अच्छा," विनी म्हणाली. मग म्हणाली, "मग मी फारच मनावर घेतलं म्हणायचं."

"तुझं नाही चुकलं."

"नाही, चूक कुणाचीच नाही. तू रडू नकोस बाई आता, इथं वारा नाही, सगळं ऐकू येतंय."

वर गेलेली गाडी फिरून येईपर्यंत दोघी त्या बाकावर बसून होत्या. एडना तिला चिकटून बसली, ऊब मिळावी म्हणून, आणि विनीनं तिला दूर सारलं नाही. गाडी आली तशी एडनानं तिला हात देऊन वर चढवलं. डब्यात दुसरं कुणी नव्हतं. विनीनं सवयीनं केकचा डबा उघडला, एक पार्किन एडनाच्या हातात दिलं, झाकण लावलं. स्वतः घेतलं नाही. एडनानं ते सगळं खाल्लं, कारण नको म्हणायचा तिला धीर झाला नाही.

ब्रॅडफर्डला आर्नल्ड स्टेशनावर उभा होता, टोपी हातात घेऊन. तो माफी मागायला लागला तर विनीनं त्याला हातानं थांबवलं. "तू शहाणपणानं परत आणलंस सगळ्यांना," ती म्हणाली. "धुक्यात पुढे जाण्यात काय अर्थ होता?" त्याचे डोळे भरून आले. तिनं डबा त्याच्या हातात दिला, म्हणाली, "वाटून टाक उद्या. माझ्या एकटीच्यानं संपायचं नाही." मग ती टॅक्सीत बसली, आणि एडनानं सोबत येऊ का विचारलं तेव्हा म्हणाली, "कशाला? जाईन मी माझी."

डिसेंबरच्या रविवारी एडना सकाळी लवकर तिच्या घरी गेली. तिनं ठरवलं होतं, पाया पडावं लागलं तरी चालेल, हिला घेऊन यायचं. स्टेशनावर बसायचं असेल तर मी पण बसेन. दार विनीनं उघडलं. घरातले कपडे, पायात सपाता, केस नीट विंचरलेले. आतून चहाचा वास येत होता.

"विनी, चल," एडना म्हणाली. "मी मागे राहीन तुझ्याबरोबर."

विनी हसली. खरंच मायेनं हसली. तिनं एडनाच्या कोटाची वरची गुंडी लावली, कॉलर सारखी केली.

"किती छान कल्पना," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला नक्की येईन हं."

आणि दार हळूच लावून घेतलं.